सहा ठिणग्या

डाही : पाणी केव्हाचं ठेवलंय समोर. कुंभाराच्या घरचं चालत नाही का बेन तुम्हाला?

हसुमती : तसं मनातही आणू नका, डाहीबेन. आज माझा निर्जळी उपास आहे.

डाही : तुमचं रोज काही ना काही असतंच म्हणा. हे तेलाची बाटली घेऊन तुमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हाही श्रावणी सोमवार होता. घरी येऊन मला काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, 'तपासणारी बेन फार देवाधर्माची आहे. तिच्या हातात बाटली दिली, आता काळजी नाही.'

हसुमती : असं म्हणाले होतात, जीवणभाई?

जीवण : म्हटलं असेल. तुम्ही कशाला आलात तेवढं सांगा. नवरात्र दहा दिवसांवर आलंय, माझे चाळीस गरबे, आत दिवा ठेवायचे घट, अजून चाकावर चढायचेत.

डाही : बारा वर्षं तेल गाळायच्या मशीनवर काढली ह्यांनी. मोठमोठाल्या ट्रान्सफॉर्मरांचं तेल गाळून दिलं. आता पुन्हा बापाचं चाक फिरवतायत. मडकी, गरबे, पणत्या. माती बरी, बेन. मातीचा कागद कोणी मागत नाही.

हसुमती : मी त्या कागदाचंच बोलायला आलेय. सकाळची एसटी धरली, दोन ठिकाणी बदलली. आज चारला तुमच्याकडे ज्ञातीचे पंच जमणार आहेत, असं कानावर आलं. खरं का?

डाही : खरं. आमच्या जागृतीचे सासरचे येतायत, चुंदडी परत न्यायला. साखरपुड्यात घातलेली चुंदडी पोरीच्या अंगावरून उतरवून माघारी नेणार. तीही माताजीच्या देरीत, देवळाच्या दारात, चार माणसांसमोर. तुम्हाला बघायचं असेल तर बसा. उपासही आहेच, पुण्य लागेल.

जीवण : डाही.

डाही : काय डाही, डाही? बोलू नको तर काय करू?

हसुमती : बोलू द्या त्यांना. जीवणभाई, तुमचं तेल चांगलं होतं.

जीवण : ते मी श्रावणातच सांगितलं होतं. तुमच्या कागदावर नापास आलं.

हसुमती : माझा कागद चुकला.

(चाक थांबतं.)

डाही : काय म्हणालात?

हसुमती : कागद चुकला. तेल चुकलं नव्हतं. चूक माझी होती.

डाही : मला कळेल असं सांगा. तुमचं ते केव्ही न् बीव्ही नको. मला समजेल अशा बोलीत.

हसुमती : सांगते. आमच्याकडे काचेचं एक भांडं असतं, वाडग्याएवढं. त्यात पितळेचे दोन गोळे समोरासमोर बसवलेले. मधली फट इवलीशी, बाजरीचा एक दाणा जेमतेम मावेल एवढी. त्यात तेल ओतायचं आणि गोळ्यांवर विजेचा दाब हळूहळू चढवत न्यायचा. चांगलं तेल वीज अडवून धरतं, ह्या गोळ्यावरून त्या गोळ्यावर जाऊ देत नाही. त्याची ताकद संपली की मधे ठिणगी उडते. किती दाबाला उडाली तो आकडा लिहायचा. असं सहा वेळा. सहांची सरासरी काढायची. गाळलेल्या तेलाला साठ तरी यावी लागते.

डाही : आणि ह्यांच्या तेलाला?

हसुमती : बेचाळीस.

जीवण : मी त्याच दिवशी ठेकेदाराला म्हटलं होतं, बेचाळीस येऊच शकत नाही. तीन दिवस न् दोन रात्री मशीन फिरलंय. नळीला हात लावला तर चटका बसत होता. तेल असं झालं होतं, बेन, की मडक्यात ओतलं तर मडकं रिकामं वाटावं.

हसुमती : खरं आहे. बाटलीतही तसंच दिसत होतं.

जीवण : मग?

हसुमती : मी चातुर्मासात लाख वातींचं व्रत धरलं होतं. आषाढी एकादशीला सुरू करायचं, कार्तिकीला लाख वाती देवापुढे लावायच्या. दिवसाला आठशे-साडेआठशे वळाव्या लागतात. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, तिथे हात मोकळा मिळत नाही. आणि आमच्या कामात थांबणं फार. भांड्यात तेल ओतलं की पाच मिनिटं थांबायचं, आतले बुडबुडे निघून जाईपर्यंत. मग प्रत्येक ठिणगीनंतर दोन-दोन मिनिटं. मी म्हटलं, नुसतं बसून काय करायचं? नाम घेत घेत त्या थांबण्यात वाती वळायच्या.

जीवण : कापूस? तपासणीच्या टेबलाशी?

हसुमती : हो.

जीवण : बेन! आम्ही अडाणी माणसं, पण मशीनवर पहिल्या दिवशी उस्तादाने हातावर छडी मारून शिकवलं होतं : तेलाजवळ फडकं न्यायचं नाही. हात पुसायचा नाही, त्याच तेलाने धुवायचा. सुताचा एक तंतू आत पडला तर सगळी मेहनत पाण्यात.

हसुमती : मीही पोरींना तेच शिकवते. बावीस वर्षं शिकवतेय. पण मी वळत होते ते फडकं नव्हतं ना. देवाच्या वाती होत्या. तो कापूस माझ्या डोळ्यांना कधी कापूस दिसलाच नाही.

डाही : आणि तो आत पडला.

हसुमती : बोटाला चिकटलेला एखादा तंतू असेल. विजेचा दाब चढला की तो तेलात उभा राहतो, ह्या गोळ्यापासून त्या गोळ्यापर्यंत. ओढ्यावर ओंडका टाकावा तसा. ठिणगी त्याच्यावरून चालत जाते. तेल बिचारं काय करणार?

डाही : हे तुम्हाला आता कळलं? दोन महिन्यांनी?

हसुमती : गेल्या आठवड्यात दुसऱ्याच एका तेलाला असेच वेडेवाकडे आकडे आले. मी विजेरी लावून भांड्यात बघितलं. मधोमध पांढरा तंतू उभा होता. चिमट्याने काढला, बोटांत धरला, आणि ओळखला. माझ्याच हातचा पीळ होता त्याला. मग मी श्रावणातली वही काढली. तुमच्या बाटलीचे आकडे बघा, मी लिहून आणलेत. बावीस. चौसष्ट. एकतीस. अठ्ठावन्न. सत्तावीस. एकोणपन्नास.

जीवण : चौसष्टसुद्धा आला होता?

हसुमती : हो. एक ठिणगी तंतूला चुकवून गेली असणार. तेलात पाणी राहिलं असतं तर सहाच्या सहा आकडे खाली आले असते, एका रांगेत. एवढे वरखाली झाले की ते भांडं ओतून टाकायचं आणि नव्याने तपासायचं. हा आमचा नियमच आहे. मी तो पाळला नाही. सोमवार होता, संध्याकाळी महादेवाला पोचायचं होतं. सहांची बेरीज केली, सहाने भागलं आणि सही ठोकली.

डाही : महादेवाला पोचलात का वेळेवर?

हसुमती : पोचले.

डाही : बरं झालं. पुण्य तुमच्या पदरात आणि पाप आमच्या दारात.

हसुमती : तुमचं बोलणं मला लागायलाच हवं. दुसरी सीलबंद बाटली असते, तीन महिने ठेवतो आम्ही. ती परवा मी सगळं धुऊन, हात तेलाने धुऊन तपासली. एकाहत्तर, एकोणसत्तर, बहात्तर, सत्तर, एकाहत्तर, सत्तर. हा त्याचा कागद. माझी सही आहे.

डाही : मालकाची सही?

हसुमती : परेशभाईंनी केली नाही. म्हणाले, 'ट्रान्सफॉर्मर चालू झालाय, ठेकेदाराने दुसऱ्या माणसाकडून तेल पुन्हा गाळून घेतलंय, आता कोणाचं काय अडलंय? तुम्ही हे बाहेर बोललात तर सोमवारपासून येऊ नका.'

डाही : कोणाचं काय अडलंय! ऐकलंत ना? अहो, ठेकेदार गावात येऊन काय बोलला, ते ठाऊक आहे का तुमच्या परेशभाईंना? म्हणाला, 'जीवणने रात्री मशीनचा जनरेटर बंद ठेवला आणि डिझेल विकलं. म्हणून तेल कच्चं राहिलं.' चोर म्हणाला तो ह्यांना, चोर! माझ्या मावसभावाने शब्द टाकून हे काम मिळवून दिलेलं. तो म्हणाला, 'माझंही नाक कापलं गेलं. खरा असशील तर माताजीच्या देरीत दिवा उचल.' आणि ह्यांनी उचलला.

हसुमती : शपथ घेतली?

डाही : पेटता दिवा तळहातावर ठेवून, साऱ्या गावासमोर. आमच्यात दिवा उचलला की सव्वा महिना बघतात. त्यात घरात काही वाईट झालं नाही तर माणूस खरा. बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी बा गेल्या.

हसुमती : अरे देवा. ह्यांच्या आई?

डाही : सकाळी ताक प्यायल्या, भिंतीला टेकल्या, संपल्या. मयताला आलेली माणसं खांदा देत होती न् कुजबुजत होती. दहाव्याला कोणी घास घशाखाली उतरवला नाही. मग जागृतीच्या सासरी कळलं. 'खोटा दिवा उचलणाऱ्याच्या घरची मुलगी नको.' झालं. संपलं. हे सगळं तुमच्या एका तंतूपायी!

हसुमती : मी आज देरीत येते. सगळ्यांसमोर हा कागद वाचते. माझी चूक माझ्या तोंडाने सांगते. म्हणून तर चारच्या आत पोचायचं होतं.

डाही : नोकरी जाईल तुमची.

हसुमती : जाईल. नुसती पाया पडून माफी मागायला मी आलेले नाही. बोलायला आलेय.

डाही : खरंच बोलाल? तिथे पुरुषमाणसं उलटसुलट विचारतील. 'जीवणनेच ह्या बेनला पैसे चारले असतील' म्हणतील.

हसुमती : विचारू देत. जे मोजलं ते सांगेन, जे मोजलं नाही ते सांगणार नाही.

डाही : ऐकताय ना? अहो, असे मातीत हात घालून काय बसलात? उठा. धोतर बदला. दोन महिने मी गावाशी भांडतेय, विहिरीवर, दळणाला, तुमच्या बहिणीशीसुद्धा. मी म्हणत होते ना, माझा माणूस खोटा नाही! माताजीने आज माणूस धाडलं. उठा की!

जीवण : बेन, तुम्ही घरी जा. तीनची एसटी मिळेल अजून.

डाही : काय?

जीवण : तुमचं भलं होवो. बाटली पुन्हा तपासलीत, एवढं पुष्कळ झालं. नोकरी घालवू नका. सासूबाई अंथरुणाला आहेत.

डाही : डोकं फिरलंय का तुमचं? पोरीची चुंदडी जातेय!

जीवण : ऐक, डाही. दुसऱ्या रात्री मला झोप लागली होती.

डाही : कधी?

जीवण : मशीनवर. दुसऱ्या रात्री. टाकीला पाठ लावून बसलो होतो. बाहेर गार वारा, टाकी उबदार. घड्याळात दीड वाजलेला आठवतो, मग एकदम साडेतीन.

डाही : मग काय झालं? मशीन बंद पडलं होतं का?

जीवण : नाही. फिरत होतं. काटे जागच्या जागी होते, डिझेल होतं. काही झालं नव्हतं.

डाही : तर मग!

जीवण : दिवा उचलताना मी काय बोललो, ते तू ऐकलंस. पुढेच उभी होतीस.

डाही : 'मशीन थांबवलं नाही, डिझेलचा थेंब विकला नाही...'

जीवण : आणि पुढे? 'आणि डोळ्याला डोळा लावला नाही.' कोणी विचारलं नव्हतं, डाही. माझं मीच बोललो. भांडणाच्या भरात तोंडातून गेलं. जीभ उचलली तेव्हाच कळलं की हे खोटं आहे. हातात दिवा होता. थांबता आलं नाही.

डाही : आणि मला सांगितलं नाहीत. दोन महिने.

जीवण : वाटलं, सव्वा महिना निघून गेला की सांगेन. रोज रात्री बाच्या नाकाशी हात धरून बघायचो, श्वास चालतोय ना. अठ्ठाविसाव्या दिवशी मी शेडात चिखल मळत होतो. तू हाक मारलीस तेव्हा काय झालंय ते मला विचारावं लागलं नाही.

डाही : बा ऐंशीच्या होत्या. दम्याने सहा वर्षं खंगल्या होत्या. डॉक्टरने गेल्या होळीलाच सांगितलं होतं...

जीवण : मला ते सगळं पाठ आहे. बेन, तुम्ही एवढी व्रतं करता. तुम्हाला विचारतो. माझ्या आईला माझ्या झोपेने नेलं का?

हसुमती : जीवणभाई...

जीवण : धीर द्यायला म्हणून बोलू नका. खरं वाटतं ते बोला.

हसुमती : मला माहीत नाही. एका ठिणगीवर आम्ही निकाल देत नाही, सहा बघतो. आणि आई एकदाच जाते. हे मोजायचं भांडं माझ्याकडे नाही, कोणाकडेच नसावं. पण एक सांगू? ती वात वळताना माझ्या तोंडात नाम होतं. तरी तंतू पडलाच. देवाने माझा हात धरला नाही. तेव्हापासून मला वाटतं, आपण जितकं म्हणतो तितकं तो मोजत बसत नसेल. त्या दिवसापासून मी वात वळलेली नाही. बावन्न हजारांवर राहिल्या.

डाही : व्रत मोडलंत?

हसुमती : मोडलं की थांबलं, ते कळत नाही. हात कापसाकडे जात नाही.

जीवण : म्हणून म्हणतो, घरी जा. तुमचं तेलाचं खरं आणि माझं दिव्यातलं खोटं. एकाने दुसरं झाकायचं नाही.

डाही : झाकायला कोण सांगतंय? बेन तेलाचं सांगतील, तेवढं बस्स. तुमच्या झोपेचं कोण विचारतंय? गावाला काय पडलीय? चोर नाही एवढं ठरलं की पोरीचं लग्न होतं. हसुमतीबेन, तुम्ही नाही ना सांगणार हे? तुम्हीच म्हणालात, जे मोजलं तेवढंच.

हसुमती : मी तेलाचंच सांगेन. माणसाचं सांगायचा मला अधिकार नाही.

डाही : ऐकलंत? मिटलं.

जीवण : पंच म्हणतील, 'पुन्हा दिवा उचल. आता तरी खरा ठरशील.' म्हणणारच. मग हातात दिवा घेऊन पुन्हा काय बोलू? या वेळी घरात कोण उरलंय, डाही? तू आहेस आणि ती आहे.

डाही : असं अभद्र बोलू नका.

जीवण : जागृती त्या मुलाला काय म्हणाली होती फोनवर? तूच मला सांगितलं होतंस.

डाही : ...'माझे बापू खोटं बोलत नाहीत. तुम्हाला विश्वास नसेल तर चुंदडी घेऊन जा.'

जीवण : अठरा वर्षांची पोर. तिचं तेवढं तरी खरं राहू दे. बेन, तुमचं म्हणणं पक्कं आहे? नोकरी जाईल.

हसुमती : पक्कं आहे.

जीवण : मग चला. आधी तुम्ही कापसाचं सांगा. मग मी झोपेचं सांगतो.

डाही : दोन्ही सांगितलं तर ते थांबणार नाहीत. व्याह्यांना मी ओळखते. चुंदडी जाईल म्हणजे जाईलच.

जीवण : जाईल कदाचित.

डाही : आणि पोर विचारेल, 'बापू, आधी का नाही सांगितलंत?'

जीवण : विचारू दे. तिला उत्तर द्यायचं मी इतके दिवस टाळत होतो. धोतर कुठे ठेवलंयस?

डाही : दोरीवर. थांबा, तसेच नका जाऊ, कोपरापर्यंत माती आहे. ...देरीत दिवा लावावा लागेल. घरात वातसुद्धा नाही. बा गेल्यापासून मी देवीपुढे लावलाच नाही.

हसुमती : माझ्या पिशवीत आहेत. राहून गेल्यात. पण त्या त्याच वाती आहेत, डाहीबेन. त्या तुम्हाला कशा चालतील?

डाही : एक काढा.

हसुमती : ही घ्या.

डाही : पीळ चांगला आहे हो. सुबक. ...बेन, तिथे बरंच बोलावं लागेल तुम्हाला. पुरुषमाणसं मधे मधे तोडतील. घसा कोरडा असून चालायचं नाही.

हसुमती : आज माझा निर्जळी... द्या, डाहीबेन. द्या ते पाणी.